बुधवारच्या गोलात एक जास्त

“आंटी, पाणी किती वाजता येतं?”

मी किल्ल्या फळीवर अडकवत होते. मान वर न करता ‘पाच ते सात’ म्हणाले, आणि तेरा नंबरची किल्ली हातातच राहिली. हाच प्रश्न, याच खिडकीतून, अशाच दबक्या आवाजात मला सव्वीस वर्षांपूर्वी एका मुलीने विचारला होता. तेव्हाही मी मान वर केली नव्हती.

या खेपेला केली. समोर एक सडपातळ मुलगी उभी होती. शाळेत कापतात तसे बारीक केस, आईने इस्त्री करून दिलेला फ्रॉक, पायाशी लोखंडी ट्रंक.

“नाव काय?”

“एकुआ.”

“ते निम्म्या हॉस्टेलचं आहे. पुढे?”

“बाइडू. एकुआ बाइडू.”

“हां. इथे दारावर अर्धं नाव चालत नाही. गावाला चालत असेल.”

“गावाला तर नुसतं ‘ए’ म्हटलं तरी चालायचं, आंटी.”

एरवी मी हसले असते. पण मी तिला सत्तावीस नंबरची किल्ली दिली आणि ती जिना चढून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. तिच्या खोलीतल्या दोघी वरच्या वर्गातल्या होत्या आणि पंधरा दिवस उशिरा येणार होत्या. तोवर पोर एकटीच राहणार होती.

मी अराबा ओतू. मुलींच्या या हॉस्टेलच्या दारावर बसून मला एकतीस वर्षं झाली. किल्ली द्यायची, किल्ली घ्यायची, कोण बाहेर गेली ते वहीत लिहायला लावायचं, आणि बाहेर घुटमळणाऱ्या मुलांना वाटेला लावायचं. याच्यात सांगण्यासारखं काय असणार? फक्त नव्या मुलींचा आठवडा आला की मला जरा भाव येतो. सोमवारी त्यांना वाचनालय दाखवतात, मंगळवारी जुन्या मुली डबे बडवून हॉस्टेलची गाणी शिकवतात, आणि बुधवार माझा असतो.

माझा खेळ अगदी साधा. आमच्याकडे पोर ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव घेऊनच येतं. मंगळवारची मुलगी अराबा, बुधवारची एकुआ, गुरुवारची आबा. दुसरं नाव बाप देतो, तेही आठव्या दिवशी. तर हॉस्टेलमागच्या हिरवळीवर सात वारांचे सात गोल करायचे. मी वाराचं नाव घेऊन हाक मारली की त्या गोलातल्या सगळ्यांनी एकदम ‘हो’ म्हणायचं. मग एकेकीने आपलं दुसरं नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी ते तीनदा म्हणायचं. शेवटी दोघीदोघींच्या जोड्या लावायच्या, वारबहिणी म्हणून. पहिले सहा आठवडे वारबहिणीने वारबहिणीचं दार रोज सकाळी वाजवायचं, आणि आतून आवाज आला नाही तर धावत माझ्याकडे यायचं. शिकलेले लोक या सगळ्याला बरंच काय काय म्हणतात. मी एवढंच म्हणते, घरापासून लांब आलेल्या पोरीचं दार सकाळी कुणीतरी वाजवलं पाहिजे.

हे मी उगाच नाही सुरू केलं. त्या सव्वीस वर्षांपूर्वीच्या मुलीपायी केलं.

तेव्हा खोल्या कमी आणि मुली फार. जिला खोली मिळायची नाही ती ओळखीपाळखीने दुसरीच्या खोलीत चटई टाकायची. अशा मुलींना आम्ही ‘टेकलेल्या’ म्हणायचो. नियम असा होता की टेकलेली दिसली की नाव विचारायचं, वहीत लिहायचं आणि त्याच संध्याकाळी तिला बाहेर काढायचं. मला ते जमायचं नाही. मग मी कानाडोळा करायचे. नावच विचारलं नाही तर लिहायचं काय? चौदा नंबरात जमिनीवर एक झोपते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिची गुंडाळलेली चटई मी दाराआड पाहिली होती. ती तीनदा खिडकीपाशी आली. एकदा पाण्याची वेळ विचारली, एकदा फाटक कधी लागतं ते, आणि तिसऱ्यांदा नुसतीच उभी राहिली. “जा बाई, मैत्रिणीत जाऊन बस,” असं मी म्हणाले. तिचं तोंड बघितलं नाही. बघितलं असतं तर ओळख दाखवावी लागली असती.

शनिवारी हॉस्टेलच्या उताराखाली, खाडीच्या काठावर तिच्या चपला सापडल्या. चौदा नंबरच्या मुली रडत आल्या. त्यांनाही तिचं एकच नाव ठाऊक होतं. मी धावत गेले आणि खाडीकाठी उभी राहून हाका मारत सुटले, “एकुआ, एकुआ, एकुआ.” माझी आई म्हणायची, पाण्याकाठी कुणाला शोधताना दोन्ही नावं घेऊन हाक मारावी, नाहीतर जिला बोलावलं ती धड इकडची राहत नाही, धड तिकडची. ते मला त्या वेळी आठवलं. पण आठवून काय उपयोग? दुसरं नाव होतं कुठे?

ती सापडली नाही. फीसुद्धा भरायची होती तिची, त्यामुळे कुठल्या यादीत ती नव्हतीच. विद्यापीठाने प्रवेश मिळूनही दाखल न झालेल्या सगळ्या एकुआंच्या घरी पत्रं धाडली. तिघींकडून उत्तर आलं नाही. त्या तिघींतली ती होती की चौथीच कुणी, देव जाणे.

पुढच्या वर्षी मी गोलांचा खेळ मांडला. बुधवारच्या गोलात यादीप्रमाणे सोळा मुली होत्या. मी ‘एकुआ’ अशी हाक मारली, सोळा जणी एकदम ‘हो’ म्हणाल्या, आणि क्षणभराने, सगळ्यांच्या मागून, आणखी एक ‘हो’ आला.

मी मोजल्या. सोळाच होत्या. कुणीतरी उशिरा बोललं असेल म्हणून पुन्हा हाक मारली. पुन्हा सोळा, आणि मागून एक. मुलींना ते ऐकू येत नव्हतं. खेळ मी थांबवला नाही.

तेव्हापासून दरवर्षी. वर्षातून एकदा, बुधवारी चार वाजता, तो उशिराचा ‘हो’. बाकी तिने कधी कुणाला त्रास दिला नाही. मी फक्त एक पाळलं: बुधवारच्या गोलात मुली विषम आल्या तर शेवटच्या तिघींची एक जोडी करायची. तिथे कुणालाही एकटं ठेवायचं नाही. एकटी राहिलेली कुणी दिसली तर तिची वारबहीण व्हायला ती टपलेलीच असणार, हे मला कुणी सांगायला नको होतं.

यंदा विद्यार्थ्यांचं बघायला नवीन साहेब आले होते, डॉक्टर फिन. वय पस्तीसच्या आसपास, परदेशात शिकून आलेले. माणूस मनाने चांगला, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे झालं ते त्याच्या वाईटपणामुळे झालं नाही. मंगळवारी तो खिडकीत आला, काखेत संगणकाची पाटी.

“आंटी, तुमचा गोलांचा खेळ मी ठेवलाय बरं का. सगळ्यात भारी खेळ आहे तो. आणि या वेळी याद्या करायची कटकट नाही. वार संगणकानंच काढलेत, जोड्यासुद्धा त्यानंच लावल्यात.”

“वार कशावरून काढले?”

“जन्मतारखेवरून. आणखी कशावरून काढणार?”

“जन्मतारीख कुणी लिहिली?”

“फॉर्मवर असते की.”

“फॉर्मवर हेडमास्तर लिहितात, डॉक्टर. खेड्यात पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की ते सहा वर्षांचं झालं असं धरतात आणि सुचेल ती तारीख टाकतात. आईला तारीख ठाऊक नसते. पण वार ती कशी चुकेल? कळा तिनं सोसल्या.”

तो मोठ्याने हसला. “आंटी, कॅलेंडर खोटं बोलत नाही.”

“कॅलेंडर नाही बोलत. हेडमास्तर बोलतात.”

“बरं, बरं. पुढच्या वर्षी बघू. आणि उद्या तुम्ही खिडकी सोडू नका हं. लांबच्या गाड्या उद्या येतायत, किल्ल्या कोण देणार? गोल मी घेतो.”

“डॉक्टर, एक ऐका. कुणाला एकटं ठेवू नका.”

“संगणकानं जोड्या लावल्यात म्हटलं ना. एकटी राहीलच कशी?”

सव्वीस वर्षांची गोष्ट एका खिडकीतून सांगता येत नाही, आणि सांगितली असती तर त्याने मला रजेवर पाठवलं असतं.

बुधवारी चार वाजता मी किल्ल्या देत होते, पण कान हिरवळीकडे होते. डॉक्टरच्या हातात कर्णा होता. “एसी,” रविवारच्या मुली हो म्हणाल्या. “आजोआ.” “अराबा.” मग “एकुआ.” पोरी जोरात ओरडल्या, आणि मी वाट बघत राहिले. मागून काही आलं नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बुधवारचा गोल गप्प राहिला. मला वाटलं, सुटले बाई. तेवढ्यात डॉक्टरने ‘आबा’ अशी गुरुवारची हाक दिली, मुली हो म्हणाल्या, आणि त्यांच्या मागून, सावकाश, तो ‘हो’ आला.

माझ्या हातातली किल्ल्यांची जुडी खाली पडली. समोरच्या मुलीने उचलून दिली आणि मला बरं वाटत नाही का म्हणून विचारलं.

साडेपाचला एकुआ बाइडू खिडकीत आली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

“आंटी, मला वारबहीण मिळाली.”

“कुठल्या गोलात होतीस तू?”

“गुरुवारच्या. यादीत तसंच होतं. मी त्यांना म्हटलं, मी एकुआ आहे, तर ते म्हणाले, जन्मतारीख गुरुवारची आहे. सगळ्या आबा मला हसल्या. ज्या मुलीशी माझी जोडी लावली होती ती गावाहून आलीच नाही अजून. मग मी कडेलाच उभी होते.”

“मग?”

“मग ही आली मागून. म्हणाली, तू चुकीच्या गोलात आहेस, तू माझ्यासारखी बुधवारची. तिचं नाव पण एकुआ.”

“पुढे?”

“पुढचं नाव मी विचारलं, आंटी. तुम्ही सांगितलंय ना, अर्धं नाव चालत नाही म्हणून. ती म्हणाली, इथं मला कुणी विचारलंच नाही, मग मीच विसरले.”

मी स्टुलावर बसले. “कितव्या खोलीत राहते?”

“चौदात टेकलीय म्हणाली. टेकलीय म्हणजे काय, आंटी?”

टेकलेल्यांची पद्धत बंद होऊन पंधरा वर्षं झाली. हल्लीच्या पोरींना तो शब्दही माहीत नाही. चौदा नंबरात आता झाडू आणि फुटकी बाकं ठेवतात आणि त्याची किल्ली माझ्या कमरेला असते.

“दिसायला कशी आहे?” मी विचारलं.

“साधीच. लुंगीची कड तेवढी ओली होती. धुणं धूत असेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी सत्तावीस नंबरपाशी गेले. खोलीत बाइडू गुणगुणत होती, न्याहारीला गारी, कसाव्याचा रवा, भिजवत असावी, चमचा वाजत होता. व्हरांडा कोरडा ठणठणीत होता. पण दारावर, बोटांनी ठोठावतो त्या उंचीला, लाकूड ओलं होतं. मी तळहाताने पुसलं आणि हात नाकाशी नेला. खाडीचा वास आला.

आणि पोरगी मात्र खुलत चालली होती, याला काय म्हणायचं? जेवायला खाली यायला लागली, वर्ग सापडायला लागले. “ती मला सगळं सांगते, आंटी. कुठल्या नळाला जास्त पाणी येतं ते पण.” मी डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, “मुलीला मैत्रीण मिळाली, आणि तुम्ही तक्रार घेऊन आलात? यासाठीच तर एवढा खटाटोप करतो आपण.” मी म्हणाले, “त्या मैत्रिणीचं नाव यादीत दाखवा.” त्याने पाटीवर बोट फिरवलं, बराच वेळ फिरवलं, आणि संध्याकाळी बघतो म्हणाला. मग मी बुधवारच्या गोलातली एक चांगली, बडबडी मुलगी गाठली, एकुआ ताविया, आणि तिला बाइडूकडे नेऊन म्हणाले, ही तुझी वारबहीण. बाइडूने तिला बसायला दिलं, गारी दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “नको, आंटी. तिला वाईट वाटेल. तिनं माझी फार वाट पाहिली म्हणते.”

शनिवारी दुपारी बारा वाजता ऊन मी म्हणत होतं. एका मुलीच्या ट्रंकेचं कुलूप अडकलं होतं, ते उघडून द्यायला मी वर गेले. पंधरा मिनिटांनी खाली येऊन बघते, तर सत्तावीसची किल्ली फळीवर आणि बाहेर जायच्या वहीत तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: एकुआ बाइडू, खाडी, खेकडे बघायला. त्याच्या खालची ओळ कोरी होती. पण त्या ओळीवरचा कागद भिजून फुगला होता, आणि मी हात लावला तेव्हाही गार होता.

मी खिडकी उघडी टाकून निघाले. एकतीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. गुडघे दुखतात म्हणून मी जिनासुद्धा दमाने चढते, पण त्या दिवशी मी त्या उतारावरून कशी धावले ते माझं मला ठाऊक नाही. एकच मनात होतं, ही पोर जाता कामा नये. दुसऱ्यांदा नाही. माझ्या दारावरून नाही.

खाडीवर चिटपाखरू नव्हतं. पाणी अगदी स्थिर होतं. काठावर चपलांचा एकच जोड, नीट जुळवून ठेवलेला, आणि बाइडू कमरेएवढ्या पाण्यात पुढे चालली होती. तिचा उजवा हात थोडा बाजूला धरलेला होता, कुणी हात धरून नेतं तसा. ती बोलत होती, थांबत होती, हसत होती, पुन्हा बोलत होती. तिचा फ्रॉक पाण्यावर फुगला होता. तिच्या बाजूला, हातभर अंतरावर, पाणी दुभंगत होतं, आणि तिथे कुणीही नव्हतं.

तोंडात ‘एकुआ’ आलं होतं. मी दात आवळले. नुसतं तेवढं म्हटलं असतं तर वळलं कोण असतं?

“एकुआ बाइडू,” मी हाक मारली.

ती थांबली. मान वळवून माझ्याकडे बघितलं, झोपेतून उठवल्यासारखं. “आंटी, ती म्हणते अजून दोन पावलं. मग खाली वाळू लागते.”

“मागे फीर.”

“ती एकटी पडेल, आंटी.”

“नाही पडायची. मी आहे ना.”

मी बुटांसकट पाण्यात शिरले. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा शरम मोठी होती. सव्वीस वर्षं मी तिचा ‘हो’ ऐकला आणि एकदाही तिच्याशी बोलले नाही. पुन्हा कानाडोळाच केला. बाइडूजवळ पोचून मी तिचा डावा हात घट्ट धरला आणि उजव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघून बोलले.

“पोरी, मी दारावरची अराबा. तू चौदात जमिनीवर झोपत होतीस, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझी चटई मी पाहिली होती. नाव विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं आणि तुला बाहेर काढावं लागलं असतं. मला वाटलं, मी तुझ्यावर उपकार करतेय. तू तीनदा आलीस आणि मी तुला एकदाही डोळा भरून बघितलं नाही. मग इथे येऊन तुला अर्ध्या नावानं हाका मारल्या. माझं चुकलं. फार चुकलं.”

काही झालं नाही. बाइडू हुंदके देत होती आणि तिचा उजवा हात तसाच बाजूला धरलेला होता. पाणी आमच्या कमरेला गार लागत होतं, एवढ्या उन्हात.

“तुझ्या बापानं दिलेलं नाव मला ठाऊक नाही,” मी म्हणाले, “आणि आता कळायचंही नाही. माझं घे. ओतू. आमच्या घरात वाईट काही नाही. दोघे भाऊ पितात थोडी, पण कुणाला त्रास देत नाहीत. माझ्या बापाला तू आवडली असतीस. एकुआ ओतू, वर ये बाळा. एकुआ ओतू.”

“हो,” आवाज आला.

या खेपेला उशिरा नाही, लगेच. आणि पाण्यातून नाही. माझ्या पाठीमागून, काठावरून आला. मोकळा, एखाद्या मुलीला जेवायला बोलावल्यावर येतो तसा.

वळून बघायची माझी छाती झाली नाही. बाइडूने बघितलं. माझ्या खांद्यावरून बराच वेळ बघत होती, आणि तिचा उजवा हात हळूहळू खाली आला.

“गेली, आंटी,” ती म्हणाली. “चढावरून गेली. मागं पण नाही पाहिलं.”

आम्ही दोघी चिंब होऊन हॉस्टेलवर आलो. डॉक्टर फिन माझ्या उघड्या खिडकीपाशी वही हातात घेऊन उभे होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं, वहीतल्या त्या फुगलेल्या ओळीकडे बघितलं, आणि वही मिटून खिडकीत ठेवली. पुढच्या बुधवारी त्यांनी गोल पुन्हा घ्यायला लावले, नावांवरून, आणि कर्णा माझ्या हातात दिला.

बाइडू आपल्या गोलात, तावियाच्या शेजारी उभी होती. बुधवारच्या यादीत एकोणीस मुली होत्या. मी हाक मारली. एकोणीस जणी हो म्हणाल्या. मी थांबले. पुन्हा हाक मारली. एकोणीस.

“आंटी, पुढचा वार घ्या की,” कुणीतरी म्हणालं.

मी पुढचा वार घेतला. खरं सांगते, मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या दिवशी मी जेवले नाही. सव्वीस वर्षं मी त्या आवाजाला घाबरत होते, आणि तो येईनासा झाला तेव्हा कळलं की दरवर्षी मी त्याचीच वाट बघत होते.

नाताळच्या सुट्टीला बाइडूची आई तिला न्यायला आली. बुटकी, काटक बाई, डोक्यावर केळ्यांचा घड आणि हातात पामतेलाची बाटली, दोन्ही माझ्यासाठी. पोरगी वर सामान बांधत होती. आई माझ्या खिडकीबाहेरच्या बाकावर बसली आणि मुलीचे गुण आणि अवगुण सांगायला लागली. मग म्हणाली, “बाई, माझंच चाललंय मघापासून. तुला मुलं किती?”

हा प्रश्न मला आजवर शंभर जणींनी विचारला असेल. लग्न लागलं नाही की मूल नाही, आणि ‘नाहीत’ म्हणायला मला कधी जड गेलं नाही.

“एक,” मी म्हणाले. “मुलगी.”

“नाव?”

“एकुआ. एकुआ ओतू.”

“अगं, म्हणजे तीही बुधवारचीच की. कुठे असते?”

“इथेच होती, माझ्याजवळ. आत्ता यंदा गेली.”

“जाणारच गं. फोन करते?”

“नाही.”

“मग बरी असेल,” बाइडूची आई म्हणाली आणि बाटलीचं बूच घट्ट आहे ना ते बघून ती माझ्याकडे सरकवली. “काही दुखलंखुपलं असतं तर पहिला फोन तुलाच आला असता.”

मी बाटली घेतली आणि आत नेऊन ठेवली.